"हँडहेल्ड जीपीएसच्या साहाय्याने": माझ्याच एका वाक्याची समीक्षा

प्रगती सेमिनारला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या अहवालातलं एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "अभ्यासक्षेत्रातील मासेमारीच्या जागांचे अक्षांश-रेखांश हँडहेल्ड जीपीएसच्या साहाय्याने संकलित करण्यात आले." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "त्यात किती जागा मावतात?"

मला वाटलं, सरांना यंत्राची माहिती हवी आहे. मी झटकन म्हणाले, "सर, हजार. मला तर दोनशेच्या आतच लागल्या."

"तुमच्या यंत्राचं नाही विचारत. तांडेलच्या यंत्राचं विचारतोय. त्याला आयुष्यभरात किती लागल्या असतील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाईड मॅडमनी विषय पुढे नेला, चहा आला, सेमिनार पार पडला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझा विषय आहे पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या परंपरागत जागा. सातपाटीपासून सुरुवात करून मुरबे, नवापूर, दांडी, घिवली करत तारापूर-चिंचणीपर्यंत. अख्ख्या प्रबंधाचा पाया म्हणजे समुद्रातले बिंदू. आणि ते बिंदू कुठून कसे आले, हे सांगायला मी एक कर्मणी वाक्य खर्च केलं होतं. "करण्यात आले." कोणी केले, कशात ठेवले, ठेवताना काय गळलं, याचा पत्ता नाही.

हे वाक्य माझं एकटीचं नाही. भूगोल, पर्यावरण, समाजशास्त्र, मत्स्यविज्ञान यांपैकी कुठलाही प्रबंध काढा, पद्धतीच्या प्रकरणात ते भेटण्याची शक्यता चांगली आहे. तुमच्यातले जे पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेत, ते कदाचित आत्ता तेच टाइप करत असतील. म्हणून आधी माझ्या वाक्याची चिरफाड करते. तुमचं वाक्य तुम्ही बघा.

तीन शब्द, तीन वेगळ्या वस्तू

हातातल्या जीपीएस संचात तीन प्रकारची नोंद होते. वेपॉइंट म्हणजे माणसाने बटण दाबून ठेवलेली एक जागा. रूट म्हणजे अशा जागा ओळीने जोडून आधी आखलेला मार्ग. ट्रॅक म्हणजे संच चालू असताना यंत्राने आपोआप टाकत नेलेले बिंदू, जणू पावलांचे ठसे. पहिल्या दोघांत माणसाचा निर्णय असतो, तिसऱ्यात यंत्राच्या सेटिंगचा. प्रबंधात मात्र तिघांचा मिळून "जीपीएस डेटा" होतो.

प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा असते. गार्मिनचा नव्वदच्या दशकातला जीपीएस १२ घ्या. ५०० वेपॉइंट, २० रूट, एका रूटमध्ये जास्तीत जास्त ३० बिंदू आणि ट्रॅकचे १०२४ बिंदू. पुढे संशोधकांच्या हातात बरीच वर्षं दिसलेला जीपीएसमॅप ६०सीएसएक्स हा १००० वेपॉइंट, ५० रूट आणि १०,००० ट्रॅकबिंदूंचा. ईट्रेक्स १० मध्ये १००० वेपॉइंट आणि ५० रूट, ईट्रेक्स २० मध्ये २००० आणि २००. ट्रॅकबिंदू मात्र दोन्हींत १०,०००च. दुकानात हे आकडे वाचून माणूस म्हणतो, बापरे, भरपूर आहेत. मीही तेच म्हणाले होते.

भरपूर की अपुरे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्याला वेळेने भागावं लागतं. हे मी शिकले ते फजिती होऊन.

पाच दिवसांतले पावणेतीन तास

सातपाटीच्या वाहत्या जाळ्याच्या, म्हणजे गिलनेटच्या बोटी पापलेटसाठी लांब जातात. फेरी चार-पाच दिवसांची, कधी आठवड्याची. मला बोटीवर जाता येणार नव्हतं, म्हणून ओळखीच्या तांडेलकाकांकडे एक जुना संच दिला, सोबत पेन्सिल सेलच्या सहा जोड्या. निघताना मोठ्या हौसेने सेटिंग केलं, दर सेकंदाला एक बिंदू. जितके जास्त बिंदू तितका चांगला डेटा, अशी माझी समजूत. शिवाय "भरल्यावर जुन्यावर लिहा" हा पर्याय चालूच होता. तो मी पाहिलाही नव्हता.

आता हिशेब करा. १०,००० सेकंद म्हणजे २ तास ४६ मिनिटं. काका पाच दिवसांनी परत आले. संचात होतं काय, तर शेवटचे पावणेतीन तास! बोट सातपाटीच्या खाडीकडे सरळ रेषेत येते आहे. पाच दिवसांची मासेमारी पुसून तिच्यावर घरी परतण्याचा रस्ता लिहिला गेला होता. काकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बाय, हा तर बर्फ संपल्यावरचा रस्ता."

चूक माझी होती, यंत्राची नाही. दर मिनिटाला एक बिंदू ठेवला असता तर त्याच १०,००० बिंदूंत जवळजवळ सात दिवस मावले असते. मिनिटाला एक म्हणजे विरळ नाही का? बोट आठ नॉटने जात असेल तर मिनिटात सुमारे २५० मीटर जाते. जाळं टाकून एका नॉटने वाहत असेल तर तीसेक मीटर. जाळी कुठे पडली एवढंच विचारायचं असेल तर हे पुरून उरतं. अंतर किती सेकंदांचं ठेवायचं हा निर्णय संशोधनप्रश्नावरून घ्यायचा असतो. मी तो हौसेवरून घेतला होता.

यातली पद्धतीची गोष्ट नीट पाहा. डेटा "थोडा कमी" पडला असं इथे झालं नाही. हरवलेले बिंदू इकडचे-तिकडचे नव्हते, ते सगळे सुरुवातीचे होते. संख्याशास्त्राच्या पेपरला आपण पाठ करतो की विदा गहाळ होणं यादृच्छिक आहे की नाही ते तपासा. जुन्यावर लिहिणाऱ्या यंत्रात ते कधीच यादृच्छिक नसतं. दर फेरीला खाडीतून बाहेर पडणं आणि पहिलं जाळं जातं, परतीचा प्रवास राहतो. अशा वीस फेऱ्या एकावर एक ठेवल्या तर नकाशा भरगच्च दिसेल, आणि वीसही वेळा त्याच बाजूने चुकलेला असेल.

जागा राहते, वेळ जाते

दुसरी गळती जास्त फसवी आहे. ६०सीएसएक्सच्या पिढीच्या संचांत चालू ट्रॅक "सेव्ह" केला की तो जसाच्या तसा राहत नाही. तो जास्तीत जास्त ५०० बिंदूंवर आणला जातो आणि प्रत्येक बिंदूची वेळ काढून टाकली जाते. असे २० ट्रॅक ठेवता येतात. मेमरी कार्डावर नोंद चालू ठेवली असेल तर पूर्ण प्रत वेगळी मिळते. ईट्रेक्स २० सारख्या नंतरच्या संचांत भरलेला लॉग आपोआप जपून ठेवायची सोय आली. पण कार्ड न घालता नुसतं "सेव्ह" दाबून समाधानाने झोपलेले संशोधक पुष्कळ असणार.

वेळ गेली तर काय बिघडलं? आकार तर राहिला ना? मच्छीमारीच्या अभ्यासात सगळं बिघडतं. ट्रॅक बघून बोट कुठे मासेमारी करत होती हे ओळखायची साधी खूण म्हणजे वेग. इंजिनावर जाताना बोट जोरात असते, जाळ्याबरोबर वाहताना हळू. वेग काढायला दोन बिंदूंमधलं अंतर आणि वेळ, दोन्ही लागतात. वेळ काढून टाकलेला ट्रॅक बोट कुठून गेली ते सांगतो, ती कुठे थांबून काम करत होती ते सांगत नाही. त्यातून बिंदू कमी करताना आकार टिकवायचा म्हणून वळणावरचे ठेवले जातात, सरळ भागातले गाळले जातात. वाहतं जाळं तासन्‌तास जवळपास एका रेषेत सरकतं. म्हणजे ज्या तासांसाठी बोट समुद्रात गेली, नेमके तेच तास दोन बिंदूंत आटोपतात.

आणि यंत्र वा सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. जीपीएक्स या फाइलच्या रचनेत प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश सक्तीचे आहेत, वेळ ऐच्छिक. म्हणून वेळ नसलेली फाइलसुद्धा बिनबोभाट उघडते. क्यूजीआयएसमध्ये छान रेघ दिसते, लाल अक्षरात काही येत नाही. आपण तो नकाशा प्रबंधात चिकटवतो.

याच घरातली आणखी एक चूक. बऱ्याच संचांत नोंदीची पद्धत मुळातच "ऑटो" असते. वळणावर जास्त बिंदू, सरळ जाताना कमी. अशा ट्रॅकच्या बिंदूंची घनता काढून कोणी उष्णतानकाशा केला आणि "लाल भागात मासेमारीचा ताण जास्त" असं लिहिलं, तर तो लाल भाग कदाचित बोट जिथे वळते तिथला असेल. खडक चुकवणारं वळण, खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा टाळणारं वळण. मासे तिथे नसतीलही. पेपर वाचताना असा नकाशा दिसला की आधी नोंदीची पद्धत शोधायची सवय मी लावून घेतली आहे. सापडली नाही तर त्या आकृतीवर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते.

ज्यांचा विषय समुद्र नाही त्यांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार-मोखाड्याकडे पाहावं. वनहक्क कायद्याखाली, म्हणजे २००६ च्या, कसणाऱ्या कुटुंबाला ४ हेक्टरच्या मर्यादेत जमिनीचा हक्क मिळू शकतो आणि दाव्यांच्या मोजणीत जीपीएस वापरला जातो. प्लॉट मोजताना फक्त चार कोपऱ्यांचे वेपॉइंट घेतले आणि एक बाजू ओहोळाची असली, शंभर मीटर लांब आणि मध्ये पंधरा मीटर बाहेर फुगलेली, तर त्रिकोणाच्या हिशेबाने ७५० चौरस मीटर गेले. सात गुंठ्यांच्या वर. डोंगरउतारावर नागली लावणाऱ्याला सात गुंठे म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. कोपरे घेतले की कड चालून ट्रॅक घेतला, हे म्हणूनच लिहायला हवं.

रूटबद्दल फार बोलत नाही. आमच्या किनाऱ्यावर मला तो कमीच वापरलेला दिसला. खाडीबाहेर पडायचा एखादा सुरक्षित मार्ग कोणी ठेवतो, बाकी तांडेल वेपॉइंटवर "गो टू" दाबतो आणि उरलेलं स्वतः बघतो. एवढंच लक्षात ठेवा की रूट हा ठरवलेला मार्ग आहे. बोट त्यावरून गेलीच याचा तो पुरावा नव्हे.

जे खोडलं गेलं

आता सरांच्या प्रश्नाकडे. तांडेलला किती जागा लागल्या असतील?

पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा मी काकांकडे गेले. ओटीवर जाळ्याची दुरुस्ती चालली होती. संच प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीने बांधलेला. मी विचारलं, "काका, हा कधी भरला का?"

"कितीदा! भरला की खोडायचं."

"काय खोडता?"

"जिथे आता जात नाही ते."

मी वही मिटली आणि थोडा वेळ नुसती बसले. कारण माझा संपूर्ण नकाशा काकांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या संचांतून उतरवलेला होता, आणि त्याला मी शीर्षक दिलं होतं "परंपरागत मासेमारीच्या जागा". प्रत्यक्षात तो होता आज वापरात असलेल्या जागांचा. परंपरागत पण सुटलेल्या जागा ५०० किंवा १००० च्या मर्यादेने आधीच खाऊन टाकल्या होत्या. संशोधनाच्या भाषेत याला टिकून राहिलेल्यांचा झुकाव म्हणतात. जे उरले त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलायचं.

या किनाऱ्यावर हा झुकाव साधा नाही. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जातं. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला. किनाऱ्याजवळची मासळी गेली, म्हणून लांब जावं लागतं, हे दांडी-नवापूरला कोणीही सांगेल. आता जोडून बघा. मासळी गेली म्हणून जाणं सुटलं, जाणं सुटलं म्हणून वेपॉइंट खोडला, वेपॉइंट नाही म्हणून माझ्या नकाशावर जागा कोरी. उद्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल माझा प्रबंध उद्धृत करून म्हणेल, सदर पट्ट्यात मासेमारी आढळत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच नुकसानीचा पुरावा मी पुसलेला असेल, तोही पीएचडीच्या शिक्क्यासह. वाढवणला बंदराचं काम आणि त्याला मच्छीमारांचा विरोध दोन्ही चालू असताना हा भीतीचा बागुलबुवा आहे असं मला वाटत नाही.

त्याहून जुन्या जागा तर कुठल्याच संचात कधी नव्हत्या. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. सुरक्षेच्या पट्ट्यात जाळं टाकता येत नाही. तेव्हा इथे कोणाच्या हातात जीपीएस होता? त्या जागा होत्या त्या खुणांवर. एक खूण दूरच्या डोंगराची, दुसरी जवळच्या देवळाची किंवा ताडाची, दोन्ही एका रेषेत आल्या की जागा आली. डहाणूकडे महालक्ष्मीचा सुळका अशा खुणेला सोयीचा. या जागा यंत्रातून काढता येणार नाहीत. त्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकूनच घ्याव्या लागतील, आणि नकाशावर त्यांची रेघ वेगळी, तुटक काढावी लागेल.

काकांच्या संचाने मला आणखी एक धडा दिला. पहिल्या वेळी मी त्यांचे सगळे वेपॉइंट उतरवून निळ्या ठिपक्यांनी छापून आणले. त्यांनी कागद लांब धरून पाहिला. मग एकेका ठिपक्यावर बोट ठेवू लागले. "इथे जाळं फाटलं होतं. इथे बुडालेली बोट आहे. इथे खडक." म्हणजे बरेच बिंदू जाण्याच्या जागांचे नव्हतेच, टाळण्याच्या होते! नाव बघून मला कळायला हवं होतं म्हणाल, तर जुन्या संचांत नावाला जागाच सहा किंवा दहा अक्षरांची, तीही रोमन. तेवढ्यात कोण काय लिहिणार? बहुतेक नुसते आकडे होते. अर्थ काकांच्या डोक्यात, यंत्रात फक्त क्रमांक. साठवणुकीची मर्यादा म्हणजे किती बिंदू एवढंच नाही, बिंदूबरोबर किती शब्द, हीसुद्धा मर्यादाच की.

वही

मग काकूंनी आतून एक वही आणून दिली. शाळेची, दोनशे पानी, कडा खारट पाण्याने फुगलेल्या. संचातून खोडण्याआधी काका आकडे तिच्यात उतरवून ठेवत. म्हणजे यंत्राच्या मर्यादेमुळेच ही वही जन्माला आली होती. मर्यादा नसती तर कदाचित काही लिहिलं गेलंच नसतं आणि संच पाण्यात पडला त्या दिवशी सगळं गेलं असतं. तर मर्यादा वाईटच, असंही मला म्हणता येत नाही.

वहीतले आकडे उतरवताना दोन सापळे लागले. तुम्हालाही लागतील.

पहिला दशांशाचा. वहीत लिहिलेलं असतं १९.४३.५००. हे आहेत अंश, मिनिटं आणि मिनिटाचे हजारावे भाग, म्हणजे १९ अंश ४३.५ मिनिटं. साधारण सातपाटीसमोरचा अक्षांश. माझ्याबरोबर टाइप करणाऱ्या मुलाने मधला ठिपका अनावश्यक समजून १९.४३५ असं भरलं. दशांश अंशांत हे होतात १९ अंश २६.१ मिनिटं. फरक १७.४ मिनिटांचा, म्हणजे तितकेच सागरी मैल, म्हणजे ३२ किलोमीटर. सातपाटीचा बिंदू अर्नाळ्याच्याही खाली जाऊन बसला. तिथेही समुद्रच असल्याने नकाशा बघून कोणाला शंका आली नाही.

आता या किनाऱ्यावरचा जुना वाद आठवा. वसई-अर्नाळा-उत्तनकडचे मच्छीमार डोल जाळ्यांसाठी समुद्रात कव मारतात, म्हणजे खुंट रोवून जाळ्याची जागा पक्की करतात. त्या कवी उत्तरेला आमच्या हद्दीत सरकल्या आणि वाहती जाळी त्यांच्यात अडकून फाटतात, ही सातपाटी ते डहाणूपर्यंतच्या गिलनेटवाल्यांची तक्रार. भांडणाचा मुद्दाच मुळी कोणाची जागा किती उत्तरेला, हा आहे. अशा ठिकाणी एका ठिपक्याच्या गोंधळाने ३२ किलोमीटर दक्षिणेला गेलेला बिंदू एका बाजूची साक्ष दुसऱ्या बाजूला नेऊन देतो.

दुसरा सापळा तारखेचा. २ मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवली होती. चूक शंभर मीटरपर्यंत जाई. त्या दिवसापासून ती अट उठली. वहीची पहिली काही पानं त्याआधीची आहेत. बुडालेल्या बोटीची जागा सांगताना शंभर मीटर फार झाले, पापलेटचं मैदान सांगताना काहीच नाहीत. म्हणून मी ते बिंदू टाकून दिले नाहीत, त्यांच्याभोवती शंभर मीटरचं वर्तुळ काढलं.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, आता मोबाईल आहे, साठवणुकीची मर्यादाच गेली. खरंय, बिंदूंच्या संख्येची मर्यादा गेली. पण बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालू असलेलं ॲप गपकन बंद करतो आणि नंतर पुन्हा चालू झाल्यावर मधली दरी सरळ रेघेने जोडलेली दिसते. गळती तशीच आहे, तिची जागा बदलली. आणि गेल्या पंचवीस वर्षांचा डेटा तर जुन्याच संचांत बसलेला आहे.

शिवाय आता तिसरी गोष्ट आली आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्याच कार्यक्रमात, ज्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली, मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचीही सुरुवात झाली. एक लाख नौका, तंत्रज्ञान इस्रोचं. वादळात, अपघातात याचा उपयोग मोठा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण पिशवीत दोरीने बांधलेल्या संचातले बिंदू काकांचे होते. कोणाला दाखवायचे, कोणते खोडायचे ते त्यांनी ठरवलं. बोटीची जागा किनाऱ्यावरच्या यंत्रणेकडे जाते तेव्हा ते कोण ठरवणार, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. मी नाही, माझा एकच संपता संपत नाहीये.

माझ्यापुरतं मी एवढं केलं की छापील नकाशात नेमके बिंदू दिलेच नाहीत. एका मिनिटाच्या चौकटींचं जाळं टाकलं, अक्षांशाच्या दिशेने चौकट सुमारे १.८५ किलोमीटरची, आणि प्रत्येक चौकटीत "वापरात", "सुटलेली", "टाळायची" एवढंच दाखवलं. काकांनी ते मान्य केलं. दोन जणांनी तेही नको म्हटलं, त्यांच्या चौकटी काढल्या आणि काढल्या असं लिहिलं.

बदललेलं वाक्य आता असं आहे: "सातपाटी ते चिंचणी या किनाऱ्यावरील तांडेलांच्या स्वतःच्या जीपीएस संचांतील वेपॉइंट त्यांच्या संमतीने उतरवले. संचांची साठवण ५०० ते १००० वेपॉइंटपर्यंत मर्यादित असल्याने वापरातून गेलेल्या जागा खोडल्या गेल्या होत्या. त्या शक्य तिथे हस्तलिखित वह्यांमधून व मुलाखतींतून स्वतंत्रपणे नोंदवल्या. प्रत्येक बिंदूचा अर्थ संबंधित तांडेलकडून तपासून घेतला. फेऱ्यांचे ट्रॅक दर ६० सेकंदांनी, वेळेसह नोंदवले. 'सेव्ह' केलेले ट्रॅक विश्लेषणात वापरलेले नाहीत."

मॅडम म्हणाल्या, लांबलंय, परिशिष्टात टाक. मी म्हटलं, मॅडम, एवढं एक मुख्य प्रकरणात राहू द्या, हवं तर साहित्य परीक्षणातली दोन पानं कापते. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

वहीची शेवटची चाळीसेक पानं उतरवायची राहिली आहेत. काकांचं अक्षर मला काही ठिकाणी लागत नाही, तीन आणि सात सारखेच काढतात, आणि इथे तीन की सात म्हणजे चार मैलांचा प्रश्न आहे. पुढची बंदी लागली की ते घरी असतील, तेव्हा शेजारी बसून एकेक आकडा वाचून घ्यायचा आहे.